लेकरू कुणाच्या कागदावर

तिकिटं दोनच काढलीत हे मला कुणी सांगितलं नाही. मी भाकरी थापत होते आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नणंदेशी व्हिडिओवर बोलत होत्या, त्यांना फोनवर हळू बोलताच येत नाही, तेव्हा ऐकू आलं. "हो गं, मी आन् छकुली दोघीच. मांडीवरच बसायची ना ती, तिचं असं कितीक लागतंय." भाकरी माझ्या हातातच तुटली, तव्यावर पीठ पडलं, धूर झाला आणि तो वरचा अलार्म बोंबलायला लागला, आमच्या बेसमेंटला छत एवढं खाली की हे उभे राहिले तर हातानं बंद करतात, मी स्टुलावर चढले, टॉवेलनं वारा घालत राहिले, आणि डोळ्यातून पाणी यायलेलं धुरानं यायलंय असंच सगळ्यांना वाटलं.

पोरीच्या पासपोर्टच्या फॉर्मवर मी सही केली होती ना. मीच केली होती. हे म्हणले होते, दिवाळीला आपण सगळेच गावाकडं जाऊ, कॅनडात लेकराच्या पासपोर्टला आईची पण सही लागते, इथं कर, आणि इथं. मी एवढी खूश की वाचलं पण नाही, आणि वाचून तरी काय कळलं असतं, दहावीला मी इंग्रजीतच गेले होते. माझ्या आईला लगेच फोन करून सांगितलं, आई येणार गं मी, कुरडया करून ठेव.

हे कामावरून आले तर मी विचारलं. ब्रॅम्पटनच्या वेअरहाऊसमधून हॅमिल्टनला यायला ह्यांना किती वेळ लागतो, त्यात बर्फ, आले की माणूस बोलायच्या अवस्थेत नसतो, तरी विचारलं.

"अहो, मी नाही का जायची?"

"तू जाऊन काय करणार? आमच्या इथं बायका घ्यायलेत पॅकिंगला. तू लागलीस की एका वर्षात आपण ह्या बेसमेंटातून बाहेर. पोरगी शाळेच्या वयाची झाली की आणू की परत."

"शाळेच्या वयाची?"

"सगळेच करतात. आमच्या शिफ्टमध्ये विचार कुणालाबी. डेकेअरला लेकरू घालायचं आन् पगार तिथंच द्यायचा, त्यापेक्षा आजीजवळ राहिलं तर काय बिघडलं?"

आत्याबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तिच्या टाळूवर तेल जिरवत होत्या. "मी चार वाढवले," त्या म्हणल्या, "ह्या एकीला काय खाऊन टाकणाराय का मी?"

ते खरंच होतं. त्या आल्यापासून पोरगी त्यांच्याच अंगावर. मला रडू येत होतं तर आत्याबाई म्हणल्या, आता रडून दूध आटवून घे, म्हणजे मोकळीच झालीस. आणि हसल्या. हे पण हसले. मी पण हसल्यासारखं केलं.

घर ज्यांचं आहे त्या बाई आमच्या वरच राहतात. मी त्यांना वरच्या बाई म्हणते. खूप म्हाताऱ्या, गुडघे गेलेले, नवरा स्टीलच्या कारखान्यात होता तो वारला. दुपारी आत्याबाई आणि पोरगी झोपल्या की मी वर जाते, व्हॅक्यूम फिरवते, पायऱ्यांवरचं बर्फ शोव्हल करते, बीटरूट चिरून त्यांचं ते लाल सूप चढवते, त्याच्या बदल्यात त्या आमचं भाडं जरा कमी घेतात. त्यांचे लोक रशियाचे. त्या स्वतः इथंच जन्मल्या. इंग्रजी एवढं सावकाश बोलतात की मला पण कळतं, आणि नाही कळलं तर हातानं करून दाखवतात, मग मी परत विचारते, मग परत सांगतात, त्यांना कुठं जायचंय.

त्या दिवशी मी बीट चिरत होते तर म्हणल्या, डोळे कशानं सुजलेत. मी म्हणलं, बेबी गो इंडिया. मी नो गो. एवढंच आलं मला. त्यांनी चमचा खाली ठेवला. रडू नकोस म्हणल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणल्या, माझ्या आजीचं सांगते.

मला वाटलं, आता हिला काय सांगायचंय, मला माझं पडलंय. पण त्या सांगत राहिल्या आणि मी चिरत राहिले.

त्यांच्याकडं झार होता. झार म्हणजे राजा, मला आधी वाटलं हे कुणा माणसाचं नाव आहे. आणि गावातली माणसं मालकाची. मालकाचं शेत तशी मालकाची माणसं, शेत विकलं की माणसं पण गेली, पोरीचं लग्न कुणाशी करायचं ते पण मालक ठरवणार. त्यांच्या आजीची आजी तसलीच, मालकाची. मग एक दिवस चर्चमध्ये सगळ्यांना बोलावलं आणि तिथल्या पुजाऱ्यानं राजाचा हुकूम वाचून दाखवला, आजपासून तुम्ही सुटलात. भाषा एवढी जड होती की कुणालाच काही कळेना. लोक तसेच उभे. बाहेर आल्यावर एक म्हातारा म्हणला म्हणे, सुटलो तर सुटलो, पण जमीन कुणाची?

जमीन फुकट नव्हती. तिचे हप्ते सरकारला भरायचे, बापानं भरायचे, मग पोरानं भरायचे. आणि ते फिटेपर्यंत गाव सोडून जायचं तर गावच्या पंचांचा कागद पाहिजे. पंच नाही म्हणले की बसा.

मी म्हणलं, मग सुटका कसली झाली?

त्या हसल्या. दात नाहीत वरचे, हसल्या की तोंडावर हात धरतात. म्हणल्या, आजी म्हणायची, मालक गेला आणि पंच आले, पंच दमले की सासरा होताच.

खाली पोरगी उठल्याचा आवाज आला आणि मी सूप तसंच गॅसवर ठेवून पळाले.

दुसऱ्या दिवशी गेले तर मीच विचारलं, मग तुमच्या आजीचं काय झालं? त्यांनी मला आधी बसवलं. चहा दिला, बिनदुधाचा, त्यात मुरंबा टाकून पितात ते लोक, मला ते काही जात नाही पण पिते.

तिकडं बायकोचा वेगळा कागदच नसायचा, त्या म्हणल्या. बायकोचं नाव नवऱ्याच्या कागदावर. लेकरांची पण त्याच्याच कागदावर. बायकोला कुठं कामाला जायचं, दुसऱ्या गावाला राहायला जायचं, तर आधी नवऱ्याचा होकार आणायचा, मग कचेरीत कागद मिळणार. त्यांच्या आजीचा नवरा शहरात कारखान्यात गेला तो तिकडचाच झाला, दुसरी बाई ठेवली, घरी काही कळवेना. पण आजीचं नाव त्याच्याच कागदावर. आजीचा भाऊ कॅनडाला निघाला, म्हणला तू पण चल, इथं सासऱ्याचा मार खात कशाला राहतेस. आजी कचेरीत गेली, तिथला कारकून म्हणला, नवऱ्याचा होकार आण. ती म्हणली, नवरा कुठं आहे तेच माहीत नाही. तो म्हणला, मग सापडला की ये.

हे ऐकताना मला हसू आलं, ते कारकुनाचं बोलणं आमच्या तहसीलमधल्यासारखंच होतं म्हणून, आणि मग माझे कागद आठवले. माझा पासपोर्ट ह्यांच्याकडं. माझं पीआर कार्ड, इथं राहायच्या परवानगीचं, ते पण ह्यांच्याकडं. तू हरवशील म्हणतात, आणि मी हरवते पण खरंच, बसचं कार्ड हरवलंय मी. त्याच्यात मला आजपर्यंत काहीच वाटलं नव्हतं.

भाऊ गेला, आजी राहिली. मग पुढच्याच वर्षी, ती मोठी लढाई लागायच्या जरा आधी, झारनं कायदा बदलला. नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई स्वतःचा कागद काढू शकते, त्याला विचारायची गरज नाही. आजी चालत कचेरीत गेली. कारकून म्हणला, असला काही कायदा माझ्यापर्यंत आला नाही. ती परत गेली. परत गेली. मग मिळाला एकदाचा.

कागद घेऊन घरी आली, कपडे बांधले, दोन लेकरं होती, मुलगा मोठा आणि मुलगी अंगावर पिणारी. सासरा दारातच होता. म्हणला, कागद तुझा झाला ना? जा की. लेकरं माझ्या लेकाच्या कागदावर आहेत.

मी म्हणलं, देन?

देन, त्या म्हणल्या, सासऱ्यानं विचार केला आणि म्हणला, पोरगी ने, खाणारं एक तोंड कमी. पोरगा राहील.

ती पोरगी म्हणजे वरच्या बाईंची आई. भावाकडं कॅनडाला निघताना आजीनं मुलाला सांगितलं होतं, मी बाजाराला चाललेय.

मी विचारलं, त्या मुलाचं नाव काय होतं? त्या म्हणल्या, माहीत नाही. आजीनं मरेपर्यंत ते नाव घरात घेतलं नाही. माझ्या आईला पण माहीत नव्हतं.

मला तिथं बसवेना. मुरंब्याचा चहा तसाच राहिला.

मग ते पत्राचं निघालं. लेकरू एकट्या आजीबरोबर देशाबाहेर जाणार तर आईबापाच्या परवानगीचं पत्र पाहिजे, एअरपोर्टवर विचारू शकतात, आणि ते पत्र वकिलासमोर सही करून पाहिजे. ह्यांनी ब्रॅम्पटनमधला एक वकील शोधला, हिंदी बोलणारा, एका प्लाझात, खाली मिठाईचं दुकान आणि वर त्याचं ऑफिस. शनिवारी आम्ही सगळे गेलो. आत्याबाई म्हणल्या, सही झाली की मिठाई घेऊ, गावाकडं वाटायला. पोरीला नवीन जॅकेट घातलं होतं, त्यात तिचे हात असे आडवे उभे राहतात.

गाडीत मी देवाला म्हणत होते, बर्फ पडू दे, गाडी बंद पडू दे. काही झालं नाही, रस्ता एकदम साफ.

वकील तरुण होता, पगडीवाला. कागद टेबलावर ठेवला, ह्यांची सही झाली, पटकन, ह्यांची सही फार सुंदर आहे. मग पेन माझ्याकडं आलं आणि वकील ह्यांना म्हणला, "भाईसाहब, आप और माताजी दो मिनट बाहर बैठिए."

हे म्हणले, "क्यों जी? मेरी वाइफ है."

"सबसे अकेले में ही पूछता हूँ. दो मिनट."

आत्याबाई उठल्या, पोरीला घेऊन. पोरगी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत गेली. दार लागलं. वकील म्हणला, "मैडम, ये पढ़ा आपने? इसमें लिखा है कि बच्ची दादी के साथ इंडिया जाएगी और आपको कोई आपत्ति नहीं. आप अपनी मर्ज़ी से साइन कर रही हैं?"

आता मी असं म्हणणार नाही की तेव्हा मला वरच्या बाईंची आजी आठवली. कुणी आठवलं नाही. मी टेबलावरच्या पंच मशीनकडं बघत होते. बाहेर पोरीनं जॅकेटात कुरकूर सुरू केली, त्या जॅकेटची चेन तिच्या हनुवटीला लागते, मला माहीत होतं, आत्याबाईंना नव्हतं, त्या म्हणत होत्या भूक लागली गं बाई हिला, आणि पोरगी रडायलीच, आणि मला एवढंच वाटलं की ती चेन कुणीतरी खाली करा.

मी म्हणलं, "नहीं."

"क्या नहीं?"

"नहीं करनी." माझं हिंदी पण तेवढंच.

मला वाटलं आता हा रागावणार, नाहीतर समजावणार, बाकीचे समजावतात तसं. तो म्हणला, "तो मत कीजिए." एवढंच. पेनाचं टोपण लावलं. मग जरा हळू विचारलं, "घर पे कोई दिक्कत तो नहीं होगी?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही. त्यानं एका चिठ्ठीवर नंबर लिहिला, म्हणला, बायकांसाठी आहे, हिंदीत पण बोलतात. मी ती चिठ्ठी चपटी करून मोज्यात घातली.

बाहेर येऊन त्यानं ह्यांना सांगितलं, "आज नहीं हो पाएगा." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बसून पोरीची चेन काढत होते.

मिठाई घेतली नाही.

चारशे तीन नंबरच्या हायवेला गाडी लागली. मग आत्याबाईंनी सुरुवात केली. "बाहेरच्या माणसासमोर नवऱ्याचं नाक कापलंस. आमच्या घरात असलं झालं नव्हतं बाई कधी."

हे म्हणले, "आई, गप बस."

"गप का बसू? इकडच्या हवेनं शिंगं फुटली. तोंडात जीभ नव्हती आली तेव्हा."

"आई."

"आन् हिला वाटतंय मी तिची वैरी. वैरीण मी!" आणि त्या रडायला लागल्या, पदर नव्हता, स्वेटरच तोंडाला लावला. मी मागं कारसीटजवळ बसले होते, पोरगी झोपली होती, मी तिचा पाय धरून होते. ह्यांनी आरशातून एकदाच बघितलं आणि म्हणले, "आता पोलिसात पण जाशील. जा." मी म्हणलं, नाही हो. त्यांनी रेडिओ लावला.

मला भीती वाटत होती, अजून वाटते, खोटं कशाला बोलू. ह्यांनी हात नाही उचलला. पण घरात बोलणं बंद झालं, डबा मी भरून ठेवायचे तो तसाच राहायचा, बाहेर खायचे. ग्रोसरीला गेले तर मला काय पाहिजे विचारायचे नाहीत. मी डाळीत पाणी वाढवत राहिले. वरच्या बाईंना सांगितलं, आय सेड नो. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही, त्यांचा हात एवढा थंड, आणि म्हणल्या, आता पुढचं अवघड. मला वाटलं होतं त्या शाब्बास म्हणतील. त्या तसं म्हणल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आत्याबाईंना जावंच लागणार होतं, मामंजींचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघायच्या दिवशी त्यांनी मोठी बॅग पलंगावर उघडली आणि पोरीचे कपडे काढायला लागल्या. गावाकडं थंडीत लागेल म्हणून विणलेली कानटोपी, नणंदेनं सांगितलेली झबली, बाळंतविड्यातलं दुपटं, सगळं त्यांनी खालीच घातलं होतं, म्हणजे लवकर सापडेल. एकेक काढून पलंगावर ठेवलं, घडी मोडली तर परत घातली. पोरगी त्यांचा झगा धरून उभी, टोपी ओढायली. त्या तिला म्हणल्या, "ठेव गं, ते आता तुझ्या आईचंय." मग माझ्याकडं न बघता म्हणल्या, "जिंकलीस. सांभाळ आता."

मी पाया पडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, पण सवयीनं फिरवला.

पोरगी दारापर्यंत त्यांच्या कडेवर होती. हे बॅग घेऊन पुढं गेले, आत्याबाईंनी तिला माझ्याकडं दिलं, तर तिनं जो आकांत केला, वरच्या बाई खिडकीत आल्या. माझ्या खांद्याला चावली. गाडी गेली तरी हात पुढंच.

मला वाटलं होतं, लेकरू माझ्याजवळ राहिलं की झालं. माझंच आहे ना ते. पण तिला झोपवायच्या त्या, भरवायच्या त्या, मी भाकरी करायचे, धुणं करायचे, वर जायचे. ती सकाळी उठली की आत्याबाईंच्या गादीकडं जायची, पांघरूण उचलून बघायची. मग माझ्याकडं बघायची, मी कुठंतरी लपवून ठेवलंय असं. मी घास पुढं केला की तोंड घट्ट मिटायची. दूध प्यायची तेवढंच. तिचं रडणं ऐकून हे कितीतरी दिवसांनी पहिलं वाक्य बोलले, "बघ, काय केलंस." मी तिला थोपटत राहिले. तिकडं पाठवलं असतं तर अशीच माझ्यासाठी रडली असती का, आणि किती दिवस, आणि मग थांबली असती ना. ते थांबल्यावरचं मला सहन झालं नसतं. आता हे सहन करते.

मग एका सकाळी गावाकडून फोन आला, आत्याबाईंचा, ह्यांच्या फोनवर नाही, माझ्या. मी उचलायलाच घाबरत होते. मामंजींच्या डोळ्यावर पट्टी, मागं कोंबड्या, त्या ओसरीवर बसलेल्या.

"खाती का ती?" नमस्कार नाही, काही नाही.

मी म्हणलं, "नाही."

"कशाचं भरवायलीस?"

"वरण भात."

"वरण नको. भात गरम असताना कुस्कर, दुधात. मीठ घालू नको. तिला समोर बसवू नको, मांडीवर आडवी घे, डोकं डाव्या हातावर. आता घे. मी बघते."

मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि भात कुस्करला, दूध ओतलं तर त्या म्हणल्या, "लई पातळ केलंस." मी परत भात घातला. पोरीला आडवं घेतलं. तिला आवाज ऐकू आला आणि तिनं मान वळवली, फोनकडं.

"ए छकुले," आत्याबाई म्हणल्या, "आ कर. कावळा आला बघ. आ."

पोरीनं आ केला. मी घास घातला. तिनं फोनकडं बघत गिळला, माझ्याकडं नाही, मग परत आ केला. "हां, अस्सं," आत्याबाई म्हणायल्या, "घाल, थांबू नको, घाल," आणि मी घालत राहिले, वाटी संपेपर्यंत.